युद्धकालीन चतुश्चक्रचालित गाड्या व समपरिघाचा नियम

ऐतिहासिक साधन म्हटलें म्हणजे दप्तर, सनद, शिलालेख, नाणें किंवा पोथी ह्यांचेंच आपणांस प्रथम स्मरण होतें, व तें साहजिक आहे. परंतु जी वस्तु विशिष्ट काळीं विशिष्ट हेतूनें निर्माण झाली व त्या काळाच्या खुणा अंगावर बाळगून आजवर टिकली, ती कागदाची असो वा लोखंडाची, साधनच होय. ह्या न्यायानें दुसऱ्या महायुद्धांतील जीप, डॉज, जी. एम. सी. इत्यादि सैनिकी गाड्या आतां साधनांच्या पंक्तीस येऊन बसल्या आहेत. त्यांचे संग्राहक युरोप-अमेरिकेंत पुष्कळ आहेत व भारतांतहि आहेत. पोथीचा संग्राहक व गाडीचा संग्राहक ह्यांत मात्र एक मोठें अंतर आहे. पोथी जपून उघडणाऱ्याच्या हातून तिचा एकाएकीं नाश होत नाहीं. गाडी चालविल्यावांचून तिची खरी ओळख पटत नाहीं, आणि चालवितांना एक साधा नियम मोडला तर ऐंशी वर्षें टिकलेले तिचे मूळचे दांते व आंस थोडक्या मैलांत निकामी होऊं शकतात. तो नियम असा कीं, चारहि चाकांचा परिघ सारखा असला पाहिजे. हा नियम कोठून आला, कोणत्या गाडीस तो कितपत लागू पडतो, व तो पाळण्याचा उपाय कोणता, इतकें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

(१) नियमाचें मूळ

बैलगाडीचीं चाकें आंसावर मोकळीं फिरतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक वाट चालतें, आंतलें कमी चालतें, व दोहोंचा एकमेकांशीं संबंध नसल्यामुळें ओढाताण होत नाहीं. कारण ओढ बैलांच्या मानेवरील जुंवांतून येते, चाकांतून येत नाहीं. मोटारींत ती चाकांतूनच येते. दोन्ही चाकें एकाच आंसास जखडावीं तर वळणावर एकानें घसरलेंच पाहिजे. न जखडावीं तर चालना पोहोंचत नाहीं. ह्या पेंचावर डिफरन्शिअल नांवाच्या दंतचक्रांच्या जुळणीनें तोड काढली. ही जुळणी दोन्ही चाकांस चालना देते, परंतु कोणी किती फिरावें हें त्यांचें त्यांना ठरवूं देते.

चारहि चाकांस चालना द्यावयाची तर पुढल्या जोडीस एक व मागल्या जोडीस एक, अशीं दोन डिफरन्शिअलें लागतात. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. वळणावर मागलीं चाकें पुढल्यांच्या चाकोरीच्या आंतून जातात हें कोणासहि रस्त्यावर पाहतां येईल. म्हणजे पुढली जोडी नेहमीं मोठ्या वर्तुळावरून जाते व तिची वाट अधिक पडते. तेव्हां पुढली जोडी व मागली जोडी ह्यांच्यामध्येंहि एक तिसरें डिफरन्शिअल असावें, हें ओघानेंच येतें. हा विचार मोटारीइतकाच जुना आहे. इंग्लंडांत ब्रॅमा जोसेफ डिप्लॉक ह्यांनीं १८९३ सालीं वाफेच्या ओढगाडीसाठीं चारहि चाकांस चालना देणाऱ्या रचनेचें पेटंट घेतलें, तींत तीन डिफरन्शिअलें होतीं. अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांतील क्लिंटनव्हिल येथें ऑटो झाखो व विल्यम बेसर्डिक ह्यांनीं एफ. डब्ल्यू. डी. ह्या नांवाच्या गाड्या काढल्या. पहिल्या महायुद्धांत त्यांचे ट्रक हजारोंनीं वापरले गेले, व त्यांतहि मधलें डिफरन्शिअल होतें; तें प्रसंगीं जखडून टाकण्याची सोयहि होती.

जखडण्याची सोय कां ठेवावी लागली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. डिफरन्शिअल जेथें प्रतिकार कमी तेथें फिरणें अधिक वाढूं देतें. पुढलें एक चाक चिखलांत गरगर फिरूं लागलें कीं मधल्या डिफरन्शिअलमुळें मागल्या जोडीचीहि ओढ नाहींशी होते व गाडी जागच्या जागीं बसते. म्हणजे जी योजना पक्क्या रस्त्यावर गुण, तीच चिखलांत दोष. रस्त्यावरची सोय पाहावी कीं चिखलांतली, हा प्रश्न प्रत्येक सैन्यापुढें होता, आणि १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें त्याचें जें उत्तर दिलें त्यांतून आपला नियम जन्मास आला.

(२) जीपची रचना

जुलै १९४० मध्यें अमेरिकन सैन्याच्या क्वार्टरमास्टर खात्यानें १३५ कारखान्यांस पत्रें पाठवून एका हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली. वजनाची मूळ मर्यादा १,३०० पौंड होती; ती कोणासहि पाळतां आली नाहीं. बॅण्टम कारखान्यानें कार्ल प्रॉब्स्ट ह्यांच्या आराखड्यावरून सिद्ध केलेली पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजीं मेरिलंडमधील होलाबर्ड छावणींत नेऊन दिली. पुढें विलिस व फोर्ड ह्यांच्याहि नमुन्यांची परीक्षा झाली, १९४१ मध्यें विलिसचा नमुना मान्य ठरला, व त्याच नमुन्याबरहुकूम फोर्डनेंहि गाड्या तयार केल्या. युद्धाच्या अखेरपर्यंत दोहोंनीं मिळून सुमारें ६ लक्ष ४० हजार जीपा निर्माण केल्या. विलिसची ती एम. बी. व फोर्डची ती जी. पी. डब्ल्यू. दोहोंचे भाग एकमेकींस बसावे अशी अटच असल्यामुळें रूप एक आहे. परंतु फोर्डनें आपल्या भागांवर, लहानशा बोल्टांवरसुद्धां, ‘एफ’ हें अक्षर उठविलें आहे. लेखकाच्या हस्ताक्षरावरून पोथीचीं पानें वेगळीं काढणाऱ्यांस ही खूण किती उपयोगी आहे हें सांगावयास नको.

जीपमध्यें तिसरें डिफरन्शिअल नाहीं. गिअर-पेटीच्या मागें ‘स्पायसर १८’ नांवाची ट्रान्स्फर केस आहे. तिच्यांतून मागें व पुढें असे दोन शाफ्ट जातात. चालकाजवळ मुख्य गिअरच्या दांड्याशिवाय आणखी दोन दांडे असतात. एकानें पुढल्या आंसाची चालना जोडतां किंवा सोडतां येते. दुसऱ्यानें गति जवळजवळ निम्मी, म्हणजे १.९७ स एक ह्या प्रमाणांत, उतरवितां येते. पुढला आंस जोडल्यावांचून ही उतरती गति लागूच नये अशी अडसर-योजना आंत केली आहे, कारण दुप्पट झालेला जोर एकट्या मागल्या आंसावर पडल्यास तो टिकणार नाहीं. पुढला आंस जोडला कीं दोन्ही शाफ्ट एकमेकांस पक्के जखडले जातात: मागला जितके फेरे घेईल तितकेच पुढल्यानें घेतले पाहिजेत, कमी नाहीं कीं जास्त नाहीं.

मग वळणावरचा वाटेंतील फरक कोणी सोसावयाचा? त्याचें उत्तर: जमिनीनें. वाळूंत, चिखलांत, गवतांत, खडींत चाक किंचित् घसरतें व तो फरक तेथेंच जिरतो. जीपचें तिसरें डिफरन्शिअल तिच्या पायाखालची माती हेंच होय. कठीण रस्त्यावर मातीचा हा आधार नसतो. म्हणून तेथें चालकानें दांडा ओढून पुढला आंस सोडावयाचा असतो. उखडलेली किंवा निसरडी वाट, चढ, किंवा जड ओढ असेल तेव्हांच पुढला आंस जोडावा, एरव्हीं मोकळा ठेवावा, असा जीपच्या वापराविषयींच्या मूळ सूचनांचा मथितार्थ आहे.

(३) परिघाचें गणित

आतां टायरांचा संबंध पाहूं. सरळ रस्त्यावर वळण नसतां वाटेंत फरक नसतो, मग अडचण काय, असें कोणी म्हणेल. फरक वाटेंत नसला तरी परिघांत असूं शकतो, आणि परिघांतला फरक वळण संपलें तरी संपत नाहीं.

आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परिघ सुमारें ६२,८३२ सांगितला आहे. तेंच प्रमाण येथें घेऊं. जीपचा टायर ६.००-१६ ह्या मापाचा. ओझ्याखालीं त्याचा एक फेरा ८८ इंच जमीन आक्रमितो असें गणिताच्या सोयीसाठीं धरूं. एका मैलांत ६३,३६० इंच. म्हणजे मैलास ७२० फेरे. आतां पुढल्या जोडीस नवे टायर आहेत व मागल्या जोडीचे टायर पाव इंच झिजलेले आहेत असें समजूं. व्यास अर्ध्या इंचानें घटला, परिघ १.५७ इंचानें घटला, आणि मैलाचे फेरे स्थूलमानानें ७३३ झाले. दर मैलास चाकाच्या तेरा फेऱ्यांचा फरक पडला. जीपच्या आंसांतील प्रमाण ४.८८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्ट ४.८८ वेळां फिरतो. त्या हिशेबानें दर मैलास पुढल्या व मागल्या शाफ्टांत सुमारें ६४ फेऱ्यांचा फरक पडूं पाहतो. दोन्ही शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्यें जखडलेले असतांना हा फरक पडूं शकत नाहीं. आणि न पडतां गाडी पुढें जाऊं शकत नाहीं.

ह्या विरोधाचा परिणाम असा कीं, साऱ्या चालना-मालिकेंत पीळ भरतो. ओला धोतरजोडा दोघांनीं दोन टोकें धरून पिळावा तसा पुढला शाफ्ट एका अंगानें व मागला दुसऱ्या अंगानें ताणला जातो. इंजिनाची शक्ति गाडी पुढें नेण्याऐवजीं ह्या दोन आंसांच्या भांडणांत खर्च होते. पीळ हद्दीबाहेर गेला कीं एखादें चाक रस्त्यावर किंचाळून घसरतें व क्षणभर सैल पडतें. पुन्हां पीळ भरूं लागतो. त्याचीं लक्षणें ठरलेलीं आहेत: पुढल्या आंसाचा दांडा सुटतां सुटत नाहीं, सुकाणूं जड होतें, ट्रान्स्फर केस तापते, गिअर आपोआप उडी मारून बाहेर येतो, आणि टायरांची माथ्यावरची नक्षी विचित्र झिजते. एवढ्यावर न थांबल्यास शाफ्टाच्या टोंकांचे क्रॉस, क्राउन-पिनियनचे दांते, किंवा पुढल्या चाकांतील वळते सांधे ह्यांपैकीं जो दुबळा तो मोडतो. हे वळते सांधे युद्धकाळीं बेंडिक्स-वाइस, झेपा, ट्रॅक्टा व स्पायसर अशा निरनिराळ्या रचनांचे बसविले जात. गाडीच्या इतिहासाच्या दृष्टीनें ते स्वतःच एक साधन आहेत, आणि मोडल्यावर तसलेच मिळविणें सोपें नाहीं.

डाव्या व उजव्या चाकांतील फरकाचा विचार वेगळा करावा लागतो. तेथें डिफरन्शिअल असल्यामुळें पीळ भरत नाहीं. परंतु जें डिफरन्शिअल केवळ वळणापुरतें फिरावें म्हणून केलें, तें सरळ वाटेवरहि अखंड फिरत राहतें, व त्याचीं आंतील लहान चक्रें आणि त्यांखालच्या चकत्या अकालीं झिजतात. हा दोष पुढला आंस सोडलेला असतांनाहि मागल्या आंसांत चालूच राहतो. म्हणून नियम पुढील-मागील व डावे-उजवे अशा दोन्ही अंगांनीं पाळावयाचा आहे.

(४) दांत्यांतील प्रक्षेप

टायर सारखे असूनहि पीळ भरत असेल तर दोष आंसांच्या पोटांत असतो. युद्धकालीन जीपच्या क्राउन-पिनियनांत ३९ व ८ दांते असतात, भागाकार ४.८७५, तोच व्यवहारांत ४.८८ म्हणून लिहितात. युद्धोत्तर काळांत विलिसनें नागरिकांसाठीं ज्या सी. जे. वर्गाच्या जीपा काढल्या त्यांच्या आंसांत सामान्यतः ४३ व ८ दांते होते, भागाकार ५.३७५. बाहेरून दोन्ही आंस सारखे दिसतात व पुष्कळसे भाग परस्परांस बसतात. तेव्हां मागला आंस मोडला म्हणून नागरी गाडीचा बसविला, पुढला मूळचाच राहिला, असें झाल्यास दोन शाफ्टांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत पडते. पाव इंच झिजेनें जो फरक होतो त्याच्या पांचपटीहून हा मोठा आहे. असली गाडी पुढला आंस जोडून कठीण रस्त्यावर थोडी जरी हांकली तरी कांहींतरी फुटावयाचेंच.

पोथींत मागाहून कोणी घातलेला श्लोक वृत्तांत बसतो, भाषेंतहि खपून जातो, आणि केवळ मात्रा मोजणाऱ्यासच सांपडतो. येथें तसेंच दांते मोजावे लागतात. झांकण काढून मोजणें हा उत्तम मार्ग. तें न जमल्यास एक सोपी परीक्षा आहे. पुढला आंस मोकळा असला तरी पुढला शाफ्ट पुढल्या चाकांबरोबर फिरतच असतो. म्हणून दोन्ही शाफ्टांवर खडूची खूण करावी, गाडी सपाट जमिनीवर इंजिन बंद ठेवून शंभर फूट सरळ ढकलावी, व दोघांनीं खालीं पाहून फेरे मोजावे. वर धरलेल्या परिघानें ४.८८ प्रमाणाचा शाफ्ट सुमारें साडेसहासष्ट फेरे घेईल, ५.३८ प्रमाणाचा सुमारें त्र्याहत्तर. फेरे सारखे आले तर टायर व दांते दोन्ही निर्दोष. किंचित् वेगळे आले तर टायरांत दोष. सहा-सात फेऱ्यांचें अंतर आलें तर आंसांतच प्रक्षेप आहे असें समजावें.

(५) इतर गाड्यांतील योजना

समपरिघाचा नियम सर्व गाड्यांस एकाच कडकपणें लागत नाहीं. डॉज कारखान्याच्या पाऊण टनी डब्ल्यू. सी. ५१ व ५२ ह्या गाड्यांचे टायर ९.००-१६ मापाचे होते. त्यांतहि पुढल्या आंसाची चालना दांड्यानें जोडण्या-सोडण्याची सोय होती व मधलें डिफरन्शिअल नव्हतें. म्हणून जीपला जें लागू तें त्यांनाहि लागू. जी. एम. सी. च्या अडीच टनी सहाचाकी-चालित ट्रकांचे, ज्यांची निर्मिति पांच लक्षांहून अधिक झाली, टायर ७.५०-२० मापाचे असून मागल्या आंसांवर ते जोडीनें बसत. तेथें एक निराळाच प्रसंग येतो. एकाच तुंब्यावर शेजारीं शेजारीं बसलेले दोन टायर असमान असले तर मोठा सारा भार उचलतो व तापून फुटतो. लहान जमिनीवर नुसता घासत जातो. अशा जोडीचे परिघ अर्ध्या-पाऊण इंचापलीकडे भिन्न नसावे हें व्यवहारांतील मान आहे.

ब्रिटिशांची एक योजना सर्वांहून कडक निघाली. डेमलर कारखान्याची डिंगो ही टेहळणी-गाडी व युद्धोत्तर काळांतील फेरेट ह्यांत इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराची चालना आहे. एकच डिफरन्शिअल मध्यभागीं असतें. तें डावी बाजू व उजवी बाजू ह्यांत भेद करतें, परंतु एका बाजूचीं पुढलीं व मागलीं चाकें एकमेकांस नेहमींच जखडलेलीं राहतात. ह्याच मार्गानें गेलेला सहाचाकी अल्व्हिस स्टॉलवर्ट १९६० च्या दशकांत ब्रिटिश सैन्यांत आला. कठीण रस्त्यावर त्यांत इतका पीळ भरे कीं, चालक मुद्दाम गाडी कडेच्या उंचवट्यावरून किंवा लांकडी ओंडक्यांवरून नेत. चाक क्षणभर अधांतरीं झालें कीं पीळ सुटे. असल्या गाडीस विषम टायर म्हणजे विषच होय.

ह्याच्या उलट सौम्य योजना लँड रोव्हरची. एप्रिल १९४८ च्या अखेरीस ॲम्स्टरडॅम येथें ती प्रथम लोकांपुढें आली तेव्हां तिच्या पुढल्या चालनेंत एक मोकळें फिरणारें चक्र घातलें होतें. त्यामुळें पुढलीं चाकें मागल्यांहून जलद फिरूं शकत व वळणावर पीळ भरत नसे. १९५० मध्यें ही योजना जाऊन तेथेंहि चालकानें निवडावयाची चालना आली. त्याच १९४८ मध्यें आर्थर वॉर्न ह्यांनीं अमेरिकेंत युद्धांतून उरलेल्या जीपांसाठीं पुढल्या तुंब्यांवर बसणारीं, हातानें जोडावयाचीं-सोडावयाचीं कुलुपें काढलीं. त्यांनीं पुढला आंस व शाफ्ट रस्त्यावर निश्चल राहतो व व्यर्थ झीज वांचते. हीं कुलुपें मूळ गाडीचा भाग नव्हेत हें खरें. परंतु तीं केव्हांहि उतरवितां येतात, तेव्हां मूळच्या चकत्या जपून ठेवून तीं वापरण्यास संग्राहकाची हरकत नसावी.

(६) भारतांतील संबंध

ह्या गाड्यांचा भारताशीं आलेला संबंध दुहेरी आहे. युद्धकाळीं त्या सैन्याबरोबर आल्या. १९४२ सालीं अमेरिकेहून जें तांत्रिक मंडळ हिंदुस्थानांत आलें त्यांत चतुश्चक्रचालित ट्रकांचे प्रसिद्ध निर्माते आर्थर हेरिंग्टन हे एक सभासद होते. युद्धानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांव येथें विलिस जीपांची जुळणी सुरू केली, व पुढें कित्येक दशकें सी. जे. वर्गाच्या जीपा ह्या देशांत होत राहिल्या. जबलपूर येथील सैनिकी कारखान्यांत निसानच्या नमुन्यावरून जोंगा गाड्या तयार झाल्या व १९९९ पर्यंत होत होत्या. त्यांचेंहि नांव आतां संग्राहकांच्या यादींत आहे. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, येथें १९९४ पासून चिलखती दलाचें रणगाडा-संग्रहालय आहे. परंतु तेथील वाहनें मांडून ठेविलेलीं असल्यामुळें आपला प्रश्न तेथें उद्भवत नाहीं. तो खाजगी संग्राहकांचा प्रश्न आहे.

आणि त्यांच्यापुढें तो अधिक तीव्र आहे. देशी जीपांचें आयुष्य येथें दीर्घ झाल्यामुळें त्यांचे सुटे भाग विपुल सांपडतात व युद्धकालीन गाडींत सहज शिरतात. ज्या विपुलतेमुळें जुन्या जीपा येथें जिवंत राहिल्या, तिच्याचमुळें त्यांची शुद्धता धोक्यांत आली. टायरांचेंहि तसेंच. एक आडव्या-उभ्या विणीचा जुना, एक रेडिअल, एक नवी नक्षी बसविलेला, एक ट्रॅक्टरचा पुढला, असे चार प्रकार एकाच गाडीवर दिसणें अगदीं अशक्य नाहीं. रेडिअल टायर व जुन्या विणीचा टायर मोकळे असतां सारख्या उंचीचे भरले, तरी ओझ्याखालीं दोहोंचें दबणें भिन्न असतें. म्हणून बाजूवर छापलेल्या आंकड्यावर विसंबून चालत नाहीं.

(७) मोजणीची रीत

चारहि टायर, आणि पांचवा जादा असेल तर तोहि, एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, एकाच विणीचे व शक्यतों एकाच वेळीं घेतलेले असावे. त्यांत हवा थंड असतांना सारख्या दाबाची भरावी. कमी हवेचा नवा टायर हा झिजलेल्या टायरासारखाच वागतो. नंतर गाडीवर नेहमींचें ओझें ठेवून, पुढला आंस सोडून, प्रत्येक चाकाच्या तळाशीं व जमिनीवर खडूनें खूण करावी. गाडी सरळ ढकलून तें चाक दहा फेरे घेईल तेथें दुसरी खूण करावी व दोन खुणांमधील अंतर फितीनें मोजावें. ८८ इंचांच्या हिशेबानें हें अंतर ७३ फूट ४ इंच भरेल. एका फेऱ्यांतील दीड इंचाचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. दहा फेऱ्यांत तो पंधरा-सोळा इंचांचा होतो व लपत नाहीं. हीं चार मापें तारखेसह वहींत टिपावीं. टायर पांचहि ठिकाणीं क्रमानें फिरवीत राहिल्यास झीज सारखी वांटली जाते.

वाटेंत टायर फुटून भलत्या मापाचा जादा टायर लावण्याचा प्रसंग आला, तर तो पुढल्या आंसावर लावावा, पुढली चालना सोडलेली ठेवावी, व हळूहळू घर गांठावें; कारण मोकळ्या आंसांतील डिफरन्शिअलवर भार नसतो. पीळ भरून दांडा सुटेनासा झाल्यास त्यावर हातोडा चालवूं नये. गाडी थोडी सरळ मागें घ्यावी. बहुधा पीळ उलगडतो व दांडा सुटतो. जॅक लावून एक चाक उचलल्यानेंहि पीळ सुटतो, परंतु तो सुटतांना चाक एकदम उसळून फिरतें व जवळच्या माणसाचा हात मोडूं शकतें. तेव्हां हा उपाय शेवटचा समजावा.

(८) दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा: युद्धांत सैनिकांनीं एवढा विचार कोठें केला? मिळेल तो टायर लावला व गाडी दामटली. हें कांहीं प्रसंगीं खरें असेल. परंतु सैन्यामागें कोठार होतें. ट्रान्स्फर केस गेली तर दुसरी बसे, गाडी गेली तर दुसरी येई. तेथें गाडीचें आयुष्य मोहिमेपुरतें मोजलें जात होतें. आज त्या गाडीचें आयुष्य पिढ्यांत मोजावयाचें आहे व मागें कोठार नाहीं. त्या वेळची बेपर्वाई इतिहासाचा भाग म्हणून नोंदवावी. अनुकरणीय म्हणून घेऊं नये.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. एखाद्या गाडीबरोबर युद्धकाळचा एकच अस्सल टायर राहिला असला, तर चारहि सारखे करण्याच्या नादांत तो टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. परंतु तो रस्त्यावरहि चालवूं नये. जुनें रबर आंतून मेलेलें असतें. तें फुटलें तर साधनहि जातें व माणूसहि जातो. त्याचा ठसा, कारखान्याचें नांव, अंक व नक्षी टिपून घ्यावीं, छायाचित्र घ्यावें, व तो थंड, अंधाऱ्या जागीं ओझ्याविना ठेवावा. गाडीवर मात्र त्याच नक्षीचे नवे चार चढवावे. मूळ पोथी पेटींत व रोजच्या पाठास नक्कल, ही आपल्याकडील रीत येथें जशीच्या तशी लागू पडते.

आमची एकच सूचना आहे. गाडीच्या नोंदवहींत जेथें इंजिनाचा क्रमांक, चौकटीचा क्रमांक व सैन्यास दिल्याची तारीख लिहितात, तेथेंच चारहि चाकांचे मोजलेले परिघ व दोन्ही आंसांचे दांते हीं दोन कलमें वाढवावीं. क्रमांकांवरून गाडी कोणाची हें कळतें. ह्या दोन कलमांवरून तिच्या पोटांत काय बदललें व ती उद्यां चालूं शकेल काय, हें कळेल. ज्यांच्यापाशीं अशी गाडी आहे त्यांनीं ही मोजणी पहिल्या फेरफटक्यापूर्वीं करावी, मागाहून नव्हे. कारण फुटलेल्या दांत्यांवरून ते मूळचे ३९ होते कीं ४३, हेंहि कित्येकदां सांगतां येत नाहीं.